आराखडा तुझा, प्रश्न माझा
कार्यकारण निबंधांचे आराखडे वर्गमित्रांनी तपासावेत का? एक आढावा

शेजाऱ्याची वही तपासणे मराठी शाळेला नवे नाही. शुद्धलेखन असो, पाढे असोत की गाळलेल्या जागा, बाई फळ्यावर उत्तरे लिहितात आणि मुले बाकावरच वह्यांची अदलाबदल करून बरोबर-चूकच्या खुणा करतात. निबंधाची वही मात्र या व्यवहारातून वगळलेली. ती थेट बाईंच्या टेबलावर जाते आणि लाल शाई लागून परत येते. निबंधाच्या आधीची पायरी, म्हणजे मुद्दे काढणे, तर सहसा कुणीच तपासत नाही. मुद्दे पुष्कळदा प्रश्नातच छापून आलेले असतात. नसले तर गाईडमध्ये सापडतात.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला लेखनाचा जो स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, त्यातल्या अनेक वर्गांत नेमकी हीच पायरी सर्वांसमोर आणली जाते. विद्यार्थी आधी निबंधाचा एक पानी आराखडा करतो, दोन-तीन वर्गमित्र तो वाचून लेखी शेरे देतात आणि मगच पहिला मसुदा लिहायला घेतला जातो. एखादी गोष्ट कशामुळे घडली आणि तिच्यातून पुढे काय झाले, हे उलगडणारा कार्यकारण निबंध हा या अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रकार. एकमेकांचे लेखन तपासण्याच्या या पद्धतीवर गेली पन्नास वर्षे प्रयोग झाले, वाद झाले, यंत्रणा उभ्या राहिल्या. त्या सगळ्यातून हाती काय लागले आणि आपल्या वर्गांनी त्यातले काय घ्यावे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पद्धत उपयोगाची आहे, पण तिचा मोठा लाभ आराखडा ज्याचा असतो त्याच्यापेक्षा तो तपासणाऱ्याला होतो. आणि तोही तेव्हाच, जेव्हा तपासणाऱ्याकडून गुण किंवा कौतुक न मागता कारण आणि परिणाम यांच्या मधल्या दुव्याबद्दल प्रश्न मागितले जातात.

मंडळांपासून वर्गापर्यंत

बरोबरीच्या लोकांनी एकमेकांचे लिखाण वाचून त्यावर बोलणे ही शाळेपेक्षा मंडळांची परंपरा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या ‘जंटो’ या मंडळाचा नियम होता की प्रत्येक सभासदाने तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचून दाखवायचा. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये आपली साहित्य व विज्ञानविषयक सभा स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. तरुणांनी निबंध वाचायचे आणि इतरांनी त्यांवर चर्चा करायची, असे तिथले काम चाले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये निघाले ते याच वातावरणातून. मुलांनी मुलांना शिकवण्याची गोष्ट काढली, तर अँड्र्यू बेलने मद्रासच्या अनाथालयात राबवलेल्या पद्धतीचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनला छापले गेले होते. म्हणजे ही कल्पना परदेशी म्हणून बिचकण्यासारखी नाही आणि नवी म्हणून मिरवण्यासारखीही नाही.

नवे होते ते तिला महाविद्यालयीन वर्गात आणणे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेशाची दारे सगळ्यांना खुली केली आणि लेखनाची पुरेशी तयारी नसलेले हजारो विद्यार्थी वर्गात आले. ब्रुकलिन कॉलेजमधले केनेथ ब्रफी यांनी पाहिले की मदतीसाठी शिक्षक नेमले तरी मुले त्यांच्याकडे फिरकत नाहीत, बरोबरीच्या मुलांकडून मात्र मदत घेतात. त्यांनी पुढे १९८४ च्या एका गाजलेल्या लेखात सहकार्याने शिकण्याची तात्त्विक बाजू मांडली. त्याआधी, १९७३ मध्ये, पीटर एल्बो यांनी शिक्षकाशिवाय चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना पुस्तकातून मांडली होती. त्यांचा आग्रह असा, की वाचणाऱ्याने निवाडा करू नये. वाचताना आपल्या मनात काय काय घडत गेले, तेवढे प्रामाणिकपणे सांगावे.

या दोघांच्या भूमिकांत एक फरक आहे आणि तो पुढच्या सगळ्या वादात डोकावतो. ब्रफी यांना वर्गमित्र हा चर्चेतला भागीदार वाटतो, तर एल्बो यांना तो वाचक वाटतो. शाळा-महाविद्यालयांनी प्रत्यक्षात त्याला तिसरीच भूमिका दिली, छोट्या परीक्षकाची. पद्धत जिथे जिथे फसली, तिथे पुष्कळदा याच तिसऱ्या भूमिकेने घात केलेला दिसतो.

फायदा कुणाला?

आधी एकूण हिशेब पाहू. डबल, मॅकग्रेन आणि हॉपफेनबेक यांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून सहाध्यायी-मूल्यमापनाचा परिणाम मोजला. सरासरी प्रभाव ०.३१ आला. शिक्षणशास्त्राच्या मोजपट्टीवर हा माफक पण खरा फायदा. ग्रॅहम आणि पेरिन यांच्या २००७ च्या अहवालात चौथी ते बारावीच्या वर्गांतली लेखन शिकवण्याची निरनिराळी तंत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. तिथे मुलांनी मिळून नियोजन करणे, लिहिणे, तपासणे यांचा प्रभाव ०.७५ आहे. लेखनापूर्वीच्या तयारीचा, म्हणजे मुद्दे जमवणे आणि लावणे यांचा, ०.३२. आराखडा एकट्याने करून ठेवण्यापेक्षा तो चारचौघांत चर्चेला आणणे अधिक फळते, असे या दोन आकड्यांवरून मानायला जागा आहे.

पण सरासरीत एक गोष्ट झाकली जाते. ती उघड केली क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या नऊ वर्गांतल्या ९१ विद्यार्थ्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने सत्रभर इतरांचे निबंध तपासले, पण स्वतःच्या निबंधावर शेरे घेतले नाहीत. दुसऱ्या गटाने मिळालेले शेरे कसे वापरायचे एवढेच शिकले, शेरे दिले नाहीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की देणाऱ्यांचे स्वतःचे लेखन घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले आणि भाषेत कच्च्या असलेल्या मुलांत हा फरक अधिक ठळक होता. क्वांगसू चो आणि चार्ल्स मॅकआर्थर यांनी २०११ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर आणखी काटेकोर प्रयोग केला. काहींनी इतरांचे प्रयोग-अहवाल तपासून शेरे लिहिले, काहींनी तेच अहवाल नुसते वाचले. पुढे स्वतःचा अहवाल लिहिण्याची वेळ आली तेव्हा शेरे लिहिणारे सरस ठरले. म्हणजे नुसते वाचून भागत नाही. दुसऱ्याच्या लेखनात काय खटकते, का खटकते आणि काय केले तर बरे होईल, हे शब्दांत मांडावे लागते. त्या मांडण्यातच शिकणे घडते.

मग ज्याचा आराखडा तपासला जातो त्याच्या पदरात काय पडते? ते शेऱ्याच्या जातीवर अवलंबून आहे. मेलिसा नेल्सन आणि ख्रिश्चन शुन यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या शेऱ्यांचे तुकडे करून, त्यातल्या कोणत्या शेऱ्यांवर प्रत्यक्ष दुरुस्ती झाली, ते तपासले. अडचण नेमकी कुठे आहे हे दाखवणारा आणि त्यावर उपाय सुचवणारा शेरा लेखकाला समजतो, आणि समजला तरच अमलात येतो, असे २००९ च्या त्या अभ्यासात दिसले. ‘छान आहे’ किंवा ‘अजून विस्तार हवा’ यांत जागाही नाही आणि उपायही नाही. असे शेरे वहीत राहतात.

आराखडाच का?

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली. विद्यार्थी शब्द बदलतात, वाक्ये घासतात. मुरलेले लेखक युक्तिवादाची चौकट हलवतात. पूर्ण मसुदा समोर ठेवला की तपासणारा वर्गमित्रही तेच करतो. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे, एखादा जड शब्द, एवढ्यातच त्याचा वेळ जातो. आराखड्यात वाक्येच नसतात, त्यामुळे या आडवाटा आपोआप बंद होतात आणि नजर थेट रचनेवर पडते. शिवाय चार पाने लिहून झाल्यावर तिसरा मुद्दा काढून टाक म्हटले तर जीव तुटतो. आराखडा हा कच्चा टाका आहे, तो उसवताना कुणाला वाईट वाटत नाही.

मात्र आराखड्याबद्दलही आंधळी भक्ती नको. जॅनेट एमिग यांनी १९७१ च्या आपल्या अभ्यासात बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करत लिहायला लावले, तेव्हा पाठ्यपुस्तके सांगतात तसे आकडे-अक्षरे घालून आराखडा करणे हा त्यांच्या लेखनाचा भाग नव्हताच. रोनाल्ड केलॉग यांचे १९८८ चे प्रयोग दुसरी बाजू दाखवतात. लिहिण्यापूर्वी आराखडा करणाऱ्यांचे लेखन अधिक चांगले उतरले, पण मनातल्या मनात केलेला आराखडाही कागदावरच्या आराखड्याइतकाच उपयोगी ठरला. मग कागदावर कशाला उतरवायचा? कारण मनातला आराखडा शेजाऱ्याला वाचता येत नाही. कागदावरच्या आराखड्याची खरी गरज लेखकाला नाही, वाचकाला आहे.

इथे एक सावधगिरीही हवी. वर सांगितलेले तपासणीचे प्रयोग प्रामुख्याने मसुद्यांवर आणि अहवालांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष आराखड्यांना लावताना आपण तर्काने एक पाऊल पुढे टाकत असतो. हा तर्क पटण्यासारखा आहे, पण तो तर्कच आहे.

दुव्यांची परीक्षा

वर्णनात्मक निबंधाचा आराखडा चुकला तर निबंध विस्कळीत होतो. कार्यकारण निबंधाचा चुकला तर निबंध खोटा होतो. म्हणून या प्रकारात तपासणाऱ्याला विशेष काम आहे, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे आपल्याकडे जुनी आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, हे आपण रोज म्हणतो. नव्यन्यायाच्या ग्रंथांत कारणाची व्याख्या करताना नुसते ‘आधी असणे’ पुरेसे धरलेले नाही. ते नेमाने आधी असले पाहिजे आणि त्याच्यावाचून अडले पाहिजे. घट घडण्याआधी माती वाहून आणणारे गाढव तिथे होते, कुंभाराचा बापही कधीकाळी होता, पण म्हणून ते घटाचे कारण ठरत नाहीत. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडलेल्या पद्धतींतली एक अशी, की बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट काढून घ्या आणि परिणाम नाहीसा होतो का पाहा. साथरोगशास्त्रात ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कारण ओळखण्याच्या नऊ बाजू सांगितल्या. त्यांतली टाळता न येणारी एकच: कारण परिणामाच्या आधी घडलेले असले पाहिजे. ही सगळी शास्त्रे विद्यार्थ्याला शिकवायची गरज नाही. त्यांतले प्रश्न त्याच्या हातात दिले की पुरे.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका नमुन्यावर पाहू. विषय: २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले? समजा एका विद्यार्थ्याने असा आराखडा केला.

मुख्य विधान: सलग दोन वर्षे पाऊस कमी पडल्यामुळे लातूरवर पाणीसंकट आले.
पहिला मुद्दा: २०१४ आणि २०१५ मधली पावसाची तूट.
दुसरा मुद्दा: उसाची लागवड.
तिसरा मुद्दा: कूपनलिकांमधून झालेला उपसा.
चौथा मुद्दा: परिणाम. मिरजेहून पाण्याची रेल्वे, टँकर, जमावबंदी, स्थलांतर.

पहिला तपासणारा लिहितो, ‘विषय चांगला निवडला आहे. मुद्दे भरपूर आहेत. प्रस्तावना आकर्षक करावी.’ यात खोटे काही नाही आणि उपयोगाचेही काही नाही.

दुसरी तपासणारी पाच प्रश्न लिहिते. तुझ्या विधानात एकच कारण आहे, खाली तीन आहेत. तुला नक्की काय म्हणायचे आहे? त्या दोन वर्षांत देशभरच पाऊस कमी होता, २०१४ मध्ये सरासरीपेक्षा १२ टक्के आणि २०१५ मध्ये १४ टक्के. मग रेल्वे लातूरलाच का गेली, कमी पावसाच्या दुसऱ्या शहरांना का नाही? ऊस आणि कूपनलिका ही दोन वेगळी कारणे आहेत की एकाच साखळीच्या कड्या, म्हणजे धरणाचे पाणी आटले, उभे पीक जगवायला लोक जमिनीखाली गेले, असे तुला म्हणायचे आहे का? मार्चमध्ये पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागली, ती पाणी नव्हते म्हणून की टाक्यांवर गर्दी आणि भांडणे होऊ लागली म्हणून. मधली पायरी कुठे आहे? आणि शेवटचा प्रश्न, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण पुन्हा भरले. पाऊस हेच एकमेव कारण असेल तर प्रश्न तिथेच संपला, असे तू म्हणशील का?

या पाच प्रश्नांनी आराखडा पार बदलतो. पाऊस तात्कालिक कारण म्हणून एका बाजूला जातो. धरणाच्या पाण्याचे वाटप, पिकांची निवड आणि शहराचे एकाच मांजरा प्रकल्पावर विसंबून राहणे ही खोलवरची कारणे म्हणून दुसऱ्या बाजूला येतात. कूपनलिकांचा मुद्दा तर दोन्हीकडे बसतो, कारण टंचाईमुळे उपसा वाढतो आणि उपशामुळे टंचाई वाढते. १२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याची पहिली रेल्वे, ‘जलदूत’, पाच लाख लिटर पाणी घेऊन सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला पोहोचली, ही ठळक घटना मग निबंधाच्या शेवटी लटकत नाही. तिच्यापासून मागे मागे जात कारणे शोधता येतात. आणि हे प्रश्न लिहिणारी मुलगी घरी जाऊन स्वतःचा आराखडा उघडेल, तेव्हा तेच प्रश्न तिला स्वतःला विचारल्यावाचून राहवणार नाही. लुंडस्ट्रॉम-बेकर यांच्या निकालामागचे कारण बहुधा हेच.

मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कार्यकारणमालिका महात्मा फुल्यांची आहे. ती ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते. अविद्येपासून निघून मती, नीती, गती, वित्त अशा पायऱ्यांनी शूद्रांच्या खचण्यापर्यंत नेणारी ती साखळी शाळकरी मुलांनाही पाठ असते. ती पाठ करून घेण्याऐवजी एका तासाला वर्गापुढे आराखडा म्हणून ठेवावी. प्रत्येक दोन पायऱ्यांमधला दुवा काय, त्याला पुरावा कोणता, असे विचारावे. पुढचे सगळे पुस्तक त्या दुव्यांचे पुरावे देण्यासाठीच लिहिलेले आहे, हे मुलांना आपसूक कळेल.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप जुनाच: आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची? गुणांपुरते बोलायचे तर तो फारसा टिकत नाही. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच यांनी २००० मध्ये ४८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि शिक्षकांनी दिलेले गुण यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला. चो, शुन आणि विल्सन यांनी २००६ मध्ये दाखवले की एका लेखाला निदान चार वर्गमित्रांनी दिलेल्या गुणांची सरासरी शिक्षकाच्या गुणांइतकीच भरवशाची असते. एकटा वर्गमित्र चुकतो, चौघे मिळून सहसा चुकत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तयार झालेल्या ‘कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू’ या संगणकीय यंत्रणेने आणखी एक तोड काढली. आधी तीन नमुना लेख तपासायला द्यायचे, त्यात हात बसला की मगच वर्गमित्रांचे लेख हाती द्यायचे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: मुले एकमेकांना खरे सांगत नाहीत. जोन कार्सन आणि गेल नेल्सन यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या गटचर्चा चित्रित करून अभ्यासल्या. गटातला सलोखा बिघडू नये म्हणून ही मुले टीका गिळून टाकत होती. हे वाचताना मराठी शिक्षकाला आपलाच वर्ग दिसेल. ‘उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा’ हे वाक्य आपल्याकडे वर्गातच काय, पुस्तक परीक्षणांतही वावरते. उलट टोकही आहे. वर्गातल्या हुशार मानल्या गेलेल्या मुलाने मागच्या बाकावरच्या मुलाला सर्वांदेखत झोडपणे, किंवा जात, पैसा, बोलीभाषा यांवरून ‘याला काय कळतंय’ असे आधीच ठरवून टाकणे. आराखड्यावर नाव न घालता क्रमांक घालणे हा साधा उपाय आहे. त्याहून मोठा उपाय म्हणजे निवाडा मागायचाच नाही. प्रश्न विचारण्यात वाईटपणा येत नाही.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा स्वतःचा: आम्हाला बाईंचाच शेरा हवा. झांग यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी शिक्षकाच्या बाजूने कौल दिला. चीनमध्ये यांग, बॅजर आणि यू यांना २००६ मध्ये आढळले की विद्यार्थी शिक्षकांचे शेरे जास्त प्रमाणात स्वीकारतात, पण वर्गमित्रांच्या शेऱ्यांनी त्यांच्यात स्वतः विचार करून दुरुस्ती करण्याची सवय अधिक वाढते. शिक्षकाचा शेरा हुकूम म्हणून पाळला जातो. वर्गमित्राचा शेरा आधी पटवून घ्यावा लागतो, आणि त्या पटवून घेण्यात लेखकाचाही अभ्यास होतो.

चौथा आक्षेप कायद्याचा. ओक्लाहोमातल्या ओवासो इथल्या शाळांत मुले एकमेकांचे पेपर तपासून गुण मोठ्याने सांगत. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा भंग होतो, अशी तक्रार एका आईने केली आणि ती थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाच्या नोंदवहीत जाईपर्यंत असे गुण म्हणजे कायद्याच्या अर्थाने शैक्षणिक दप्तर नव्हे, असे न्यायालय म्हणाले. कायदा बाजूला राहिला तरी वर्गात गुण मोठ्याने सांगण्याने मूल खजील होते, ही गोष्ट उरतेच. आराखड्याला गुणच नसतील तर हा प्रश्न उद्भवत नाही.

या सगळ्या आक्षेपांवर सर्वांत मोठा उतारा निघाला तो प्रशिक्षणाचा. तैवानमध्ये हुई-त्झू मिन यांनी विद्यार्थ्यांना शेरा लिहिण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या. आधी लेखकाला काय म्हणायचे आहे ते विचारून घ्यायचे, मग अडचण दाखवायची, ती अडचण का वाटते ते सांगायचे आणि शेवटी उपाय सुचवायचा. २००६ मध्ये त्यांनी नोंदवले, की या शिकवणीनंतर विद्यार्थ्यांनी केलेल्या एकूण दुरुस्त्यांपैकी ९० टक्के दुरुस्त्या वर्गमित्रांच्या शेऱ्यांमुळे झालेल्या होत्या. तो वर्ग लहान होता, हे खरे. पण ‘करा अदलाबदल आणि तपासा’ एवढेच सांगून मोकळे होणाऱ्या वर्गात असे काही घडण्याची आशा धरू नये.

आपल्या वर्गात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी-मूल्यमापन यांना जागा दिलेली आहे. म्हणजे कागदोपत्री दार उघडे आहे. धोका एवढाच, की प्रगतिपत्रकातला रकाना भरण्यासाठी मुले एकमेकांना तारे आणि हसरे चेहरे वाटतील आणि काम झाले असे मानले जाईल.

दुसरी अडचण आपल्या निबंधाच्या परंपरेतच आहे. प्रसंगलेखन, आत्मवृत्त आणि वैचारिक निबंध हे आपले नेहमीचे प्रकार. कार्यकारण निबंध वैचारिक निबंधाच्या पोटात दडलेला असतो आणि तिथेही ‘समस्या, कारणे, उपाय’ अशा ठरीव कप्प्यांत बसतो. प्रदूषण घ्या, लोकसंख्या घ्या, मोबाइलचे दुष्परिणाम घ्या, कारणांची यादी तयार असते. त्या यादीतल्या कशाने नेमके काय घडले, याची विचारपूस होत नाही. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, मुद्द्यांच्या आधारे निबंध लिहा, असे सांगताना आराखडा वरून दिला जातो आणि विद्यार्थ्याने फक्त वाक्ये भरायची असतात. ज्याने स्वतः कधी आराखडा केला नाही, तो दुसऱ्याचा काय तपासणार? त्यामुळे सुरुवात तिथून हवी. विषय द्या, मुद्दे देऊ नका.

वर्गाची संख्या हे नेहमीचे कारण पुढे येईल. खरे तर ते या पद्धतीच्या बाजूचेच कारण आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक आराखड्याला पाच मिनिटे द्यायची तर शिक्षकाचे पाच तास जातात, आणि तेवढे कुणाकडेच नसतात. मुलांनी तपासले तर एकाच तासिकेत प्रत्येक आराखड्याला दोन वाचक मिळतात. शिक्षकाने सगळे आराखडे तपासू नयेत, त्याने शेरे तपासावेत. कोणत्या मुलाला कारण आणि योगायोग यांतला फरक कळतो, हे आराखड्यापेक्षा शेऱ्यातून लवकर दिसते.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून आराखडा यंत्राकडून करून घेणे सोपे झाले आहे. शेरेही यंत्र देते, आणि ते नीटनेटके असतात. काहींच्या मते त्यामुळे वर्गमित्राची गरज संपली. पण इथवरचा पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो. फायदा शेरा मिळण्यात कमी आणि शेरा लिहिण्यात जास्त असेल, तर शेरा लिहिण्याचे काम यंत्राला देऊन आपण नेमका फायद्याचा भागच सोडून देतो. शिवाय यंत्राने केलेला आराखडा घेऊन आलेल्या मुलाला शेजाऱ्याने ‘हे कारण तू कुठून आणलंस, आणि हे नसतं तर काय झालं असतं?’ असे समोरासमोर विचारले की त्याला उत्तर द्यावेच लागते. यापुढे वर्गातली तोंडी तपासणी लेखी तपासणीपेक्षा महत्त्वाची ठरेल.

तेव्हा निवाडा असा. गुणांसाठी आराखडे तपासून घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. प्रशिक्षणाशिवाय तपासून घेणे हा उपचार आहे. ठरावीक प्रश्न हाती देऊन, गुणांशिवाय आणि किमान दोन वाचकांकडून तपासून घेणे, हे मात्र कमी खर्चात विचार शिकवण्याचे साधन आहे. मराठीच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की या सत्रात एका तासिकेपुरते हे करून पाहा. पहिली दहा मिनिटे फळ्यावर एक नमुना आराखडा सगळ्यांनी मिळून तपासा. पुढची वीस मिनिटे दोन आराखडे वाचून प्रत्येकावर तीन प्रश्न लिहायला लावा. कारण आधी घडले का? ते नसते तर परिणाम टळला असता का? मधली कोणती पायरी गाळली आहे? उरलेल्या वेळात प्रत्येकाने स्वतःचा आराखडा दुरुस्त करावा. घरी नेताना आराखडे ठेवून द्या आणि शेऱ्यांचे कागद तेवढे न्या.